चांद्याचा उठाव आणि ‘जमीनदार’ नावाची अडचण

सत्तावन्नचं बंड पडद्यावर आलं की मेरठ, दिल्ली, झाशी अशी वाट ठरलेली. चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, ते पेटलं मार्च १८५८ मध्ये, दिल्ली पडून सहा महिने झाल्यावर. म्हणून त्याला उशिरा आलेली ठिणगी म्हणून उडवून लावणारे आहेत. पण या उठावाचे म्होरके बाबूराव शेडमाके यांनी राजगड परगण्यावर चाल केली तेव्हा झाशीही अजून पडली नव्हती.

या उठावावर युद्धपट काढायचा तर जंगल, डोंगर, नदी सगळं हजर आहे. गाडी अडते ‘जमीनदार’ या शब्दावर.

शेडमाके मोलमपल्लीचे जमीनदार. पडद्यावर जमीनदार दिसला की प्रेक्षकाला चाबूक आणि गहाणखत आठवतं. चांद्याकडची जमीनदारी त्या जातीची नव्हती. गोंड राजांच्या काळापासून जंगलाचा एकेक पट्टा सांभाळणारी ही सरदार घराणी. वरच्या सत्तेला ‘टाकोळी’ म्हणून थोडी रक्कम भरायची आणि आपल्या मुलखाचा कारभार आपण पाहायचा. भोसल्यांनीही ही घडी फारशी विस्कटली नाही. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि थेट इंग्रज डेप्युटी कमिशनर येऊन बसला. हे आधी समजावलं नाही तर गोंड आणि रोहिले (पठाण शिपाई) एका जमीनदाराच्या मागे जीव द्यायला का गेले, हे प्रेक्षकाला कळणारच नाही. त्यातही मोलमपल्ली छोटी, अहेरीच्या मोठ्या जमीनदारीखालची. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव येऊन मिळाले तेव्हा बळ वाढलं.

लढाया थोडक्यात सांगतो. मार्चमध्ये नांदगाव-घोसरी, एप्रिलमध्ये सगणापूर आणि बामणपेठ. २९ एप्रिलला चिंचगुंडीला तारायंत्राच्या कामावरच्या तीन इंग्रजांच्या छावणीवर हल्ला झाला. दोघे मारले गेले, तिसरा निसटला आणि त्याने चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याला गाठलं.

आता क्रिक्टनने फौजेपेक्षा अहेरीवर जोर दिला. अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई. तिच्या मदतीने सप्टेंबरात बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी गेले. व्यंकटराव बस्तरकडे निसटले. तेही पुढे सापडले. त्यांच्या जमीनदारीतली गावं अहेरीला बक्षीस मिळाली.

तिला फितूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. जमीनदारी जप्त होण्याचा धाक तिच्यापुढे होता, हे खरं. तरी बक्षिसाची गावं घेतल्यावर नुसत्या धाकाचं कारण मला पुरेसं वाटत नाही.

पुढे १९५० च्या कायद्याने सगळ्याच जमीनदाऱ्या गेल्या. तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, २००९ मध्ये शेडमाक्यांचं टपाल तिकीट निघालं, आणि आता ते ‘वीर’ झाल्याने ‘जमीनदार’ शब्द भाषणांतून हळूच गळतो.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकवाल्यांची अडचण आणखी निराळी. १८५८ च्याच जूनमध्ये झाशीची लक्ष्मीबाई लढता लढता पडली. तिच्याच नावाच्या बाईला खलनायिका करायचं कसं? मंडईत, म्हणजे तिकडच्या गावजत्रेत, मी पाहिलेल्या एका प्रयोगात त्या पात्राला नावच दिलं नव्हतं. सगळे तिला ‘अहेरीवाली’ म्हणायचे. ती विंगेत गेली तेव्हा माझ्यामागे ताडपत्रीवर बसलेल्या म्हातारीने नातवाला विचारलं, “हे बाई कोन होय रे?” नातू म्हणाला, “झाशीची रानी असंल.”