सोडायचे की नुसते अलिप्त राहायचे? ख्रिस्ती मननांमागचा जुना वाद

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायावरची बहुतेक मनने (वचनावरचे चिंतनपर लेख) आज एकाच ठिकाणी येऊन पोचतात : पैसा असणे पाप नाही, पैशात जीव गुंतणे पाप. ही शिकवण इतकी अंगवळणी पडली आहे की ती पहिल्यापासून सर्वमान्य असावी असे वाटते. तशी ती नव्हती. तिच्यावरून मंडळी दुभंगली, माणसे जिवंत जाळली गेली.

दोन वाटा फार लवकर फुटल्या. इ.स. 200च्या सुमारास अलेक्झांड्रियातल्या एका शिक्षकाने ‘तुझे असेल ते विकून गरिबांना दे’ असे येशूने ज्याला सांगितले त्या श्रीमंत तरुणाच्या प्रसंगाचा अर्थ सांगताना संपत्तीपेक्षा तिची हाव टाकण्यावर भर दिला. त्याच इजिप्तमध्ये 270च्या आसपास एका तरुणाने तेच वचन उपासनेत ऐकले आणि वडिलोपार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. पुढे सहाव्या शतकातल्या मठनियमाने पुस्तक, पाटी, लेखणीसुद्धा ‘माझी’ म्हणायला मनाई केली. कुणी काही दडवले आहे का हे पाहण्यासाठी मठाधिपतीने अंथरुणे वरचेवर तपासावीत, असेही त्यात आहे. भिक्षू असे निष्कांचन राहिले, पण मठांकडे मात्र जमिनी साठत गेल्या.

खरा पेच तेराव्या शतकातला. इटलीतल्या असिसीच्या एका कापडव्यापाऱ्याच्या मुलाने बिशपासमोर अंगावरचे कपडे उतरवून बापाला परत केले आणि भिक्षेवर जगायला सुरुवात केली. त्याच्या संघाच्या 1223 साली मंजूर झालेल्या नियमानुसार घर, जागा, कोणतीही वस्तू आपली म्हणायची नाही आणि पैशाला हात लावायचा नाही. संघ मात्र झपाट्याने वाढला. राहायला इमारती आल्या, शिकायला ग्रंथ आले. मग हे सगळे कुणाचे? 1279च्या पोपच्या फर्मानाने तोड काढली : मालकी पोपची, भिक्षूंना फक्त वापर. सर्वस्वाचा असा त्याग ख्रिस्ताने स्वतः शिकवला आणि आचरला, असेही त्यात म्हटले होते.

ही तोड चाळीस-एक वर्षे टिकली. आखूड, फाटका झगा आणि रिकामी कोठारे यांवर हटून बसलेल्या चार भिक्षूंना 1318 साली मार्सेयमध्ये जाळण्यात आले. पोप तेव्हा रोममध्ये नव्हे, आजच्या फ्रान्समधल्या आविन्योंत राहत. 1322 साली तिथल्या पोपने मालकी परत संघाच्या गळ्यात घातली. त्याचा सवाल थेट होता : भिक्षूने खाल्लेल्या एका अंड्याची, चीजच्या तुकड्याची मालकी रोमच्या चर्चकडे राहते, हे कोण मानेल? जी वस्तू वापरली की संपते, तिच्यात वापर आणि मालकी वेगळी कशी काढणार? पुढच्याच वर्षी, 12 नोव्हेंबर 1323 रोजी, ख्रिस्त आणि प्रेषितांकडे, म्हणजे त्याच्या पट्टशिष्यांकडे, स्वतःचे वा सामाईक काहीच नव्हते असे हट्टाने म्हणणे हे पाखंड ठरवले गेले. शिष्यांची सामाईक थैली यहूदाकडे असे; त्या पैशाच्या थैलीवर तेव्हा पानेच्या पाने लिहिली गेली. 1328 साली संघाचा प्रमुखच आविन्योंहून पळाला आणि पोपशी वैर असलेल्या जर्मन सम्राटाच्या आश्रयाला गेला.

कायद्याच्या अंगाने पोपचा मुद्दा बिनतोड होता. तरीही या निर्णयाने मोठे नुकसान झाले असे मला वाटते. एखादा माणूस खरोखर काय सोडतो, हा प्रश्नच त्याने संशयास्पद करून टाकला. मग उरले मन, आणि मनाची तपासणी बाहेरून कुणालाच करता येत नाही.

सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेने मठातली व्रते नाकारली, पण हा प्रश्न घराघरांत आणून ठेवला. तुमचे हृदय जिथे टेकते तोच तुमचा देव, आणि जगातली सर्वांत प्रचलित मूर्ती धन, हे धर्मशिक्षणासाठीच्या 1529च्या जर्मन प्रश्नोत्तरीत सापडते. रोज एक वचन घेऊन मनन करण्याची पद्धत 1728 साली जर्मनीतल्या हेर्नहूटच्या मोरावियन ख्रिस्ती वसाहतीत सुरू झाली. आधी वचन तोंडीच घरोघर पोचवले जाई, 1731पासून ते छापील पुस्तकात आले. इंग्लंडमधल्या 1760च्या एका प्रवचनातले ‘कमवा, वाचवा, द्या’ हे सूत्र अजून सांगितले जाते. देण्यापर्यंत न पोचलेले कमावणे आणि वाचवणे व्यर्थ, हे त्यातले बजावणे मात्र सहसा गाळले जाते.

विसाव्या शतकात दोन टोके समोरासमोर आली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत समृद्धीची शिकवण फोफावली : विश्वास ठेवा, धन मिळेल. माझ्या मते ही मत्तय 6:33ची (‘आधी देवाचे राज्य शोधा, म्हणजे या सर्व गोष्टी तुम्हाला मिळतील’) उलटापालट आहे. या शिकवणीत देवाचे राज्य साधन बनते आणि ‘या सर्व गोष्टी’ साध्य. याउलट 16 नोव्हेंबर 1965 रोजी रोमच्या दोमितिल्ला भुयारी दफनभूमीत चाळीसेक बिशपांनी शपथ घेतली : स्वतःच्या नावावर मालमत्ता नाही, बँकेत खाते नाही. 1974 साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला जमलेल्या सुवार्तावादी (इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट) पुढाऱ्यांपैकी सुस्थितीतल्यांनी साधी राहणी पत्करण्याचे कर्तव्य मान्य केले. सहा वर्षांनी लंडनजवळच्या हॉडस्डनमध्ये त्याचा तपशील लिहिला गेला. कपडे, घर, प्रवास यांतल्या उधळपट्टीबरोबर चर्चच्या इमारतींवरची उधळपट्टीही त्यात नाकारली आहे. गरज आणि चैन यांमधली रेष मात्र त्यांनी आखून दिली नाही. ती प्रत्येकाने घरच्यांना बरोबर घेऊन ठरवावी, असे म्हणून त्यांनी तो भाग मोकळा ठेवला.