क्रीप: तापलेला धातू हळूहळू का लांबतो?

झुलत्या पुलांसाठी लोखंडी तारांचे दोर वापरावेत का, हे ठरवण्यासाठी फ्रेंच अभियंता लुई विका याने तारांवर वजने टांगून त्या 33 महिने तशाच ठेवल्या. तुटण्याच्या भाराच्या एक चतुर्थांश ताण असलेली तार स्थिर राहिली. त्याहून जास्त ताणाच्या तारा मात्र शेवटपर्यंत थोड्याथोड्या लांबत गेल्या. कायम भाराखाली असे हळूहळू लांबत जाणे म्हणजेच क्रीप. हे निष्कर्ष 1834 मध्ये छापून आले आणि बराच काळ कोणाला त्यांची गरज पडली नाही.

पुढचे मोठे काम लंडनमध्ये झाले, 1910 साली. अँड्रेड या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने त्यासाठी शिसे निवडले. शिसे 600 केल्विनला वितळते, म्हणजे खोलीच्या तापमानालाच ते निम्म्या वाटेवर असते. साधारणपणे केल्विनमध्ये मोजलेल्या वितळणबिंदूच्या चार दशांशापलीकडे क्रीप दुर्लक्षून चालत नाही. पोलादासाठी हा आकडा साडेचारशे अंश सेल्सियसच्या आसपास येतो. अँड्रेडची अडचण वेगळीच होती. तार लांबली की बारीक होते आणि तेच वजन तिला जास्त जाचते. म्हणून त्याने वजनाला असा आकार दिला, की तार लांबेल तसे ते द्रवात बुडत जाऊन भार कमी व्हावा. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी युक्ती हीच वाटते.

मग वाफेच्या टर्बाइनांचे तापमान चढू लागले आणि विषय कारखान्यात शिरला. टर्बाइनच्या आवरणाचे बोल्ट गच्च आवळलेले असत, तरी काही काळाने त्यांची पकड सैल पडे. बोल्टची लांबी तीच राहते. पण त्यातला लवचीक ताणलेपणा हळूहळू कायमच्या विकृतीत बदलतो आणि ताण उतरतो. 1926 मध्ये ब्रिटिश अभियंता बेली याने याचे मर्म मांडले: लांबता लांबता धातू कठीण होत जातो, उष्णता तो कठीणपणा काढत जाते, आणि या दोन्हींचा तोल साधला की लांबण्याचा वेग स्थिर होतो.

गंमत म्हणजे, आत नेमके काय सरकते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. स्फटिकातल्या अणूंच्या रचनेतील रेषारूप दोष, म्हणजे डिसलोकेशन, ही कल्पना टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे 1934 मध्ये मांडली. उष्णतेत अणूंच्या रिकाम्या जागा फिरू लागतात. त्यांच्या आधारे अडलेले डिसलोकेशन अडथळ्याच्या पातळीवरून वर सरकते आणि पुढे निघते. वीर्टमनने 1955 मध्ये यावरून क्रीपच्या वेगाचे गणित बांधले, आणि पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये हर्श आणि सहकाऱ्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अॅल्युमिनियममधली डिसलोकेशने प्रत्यक्ष हलताना दिसली.

जेट इंजिनांना मात्र सिद्धांताची वाट पाहायला सवड नव्हती. निमोनिक 80 हा निकेलचा मिश्रधातू युद्धकाळातच तयार झाला. त्यातले निकेल-अॅल्युमिनियमचे बारीक कण डिसलोकेशनांची वाट अडवतात. उरल्या कणसीमा, म्हणजे धातूतल्या लहान लहान स्फटिकांमधल्या हद्दी, ज्यांच्याकडेने धातू घसरतो आणि भेगाही पडतात. त्यावर उपाय म्हणून इंजिनातल्या टर्बाइनचे अख्खे पातेच एका स्फटिकाचे ओतले जाऊ लागले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अशी पाती प्रवासी विमानांच्या इंजिनांत बसली.