पार्श्वभूमी : अन्न टिकवणारी आणि मातीत जिरणारी फिल्म

मराठवाड्यात ज्वारी पेवात, बळदात किंवा शेणाने लिंपलेल्या कणगीत राहायची आणि वर कडुनिंबाचा पाला पडायचा. तो बंदोबस्त किडीचा. बुरशी आणि जिवाणूंचा धोका खवा, फळे अशा नाशवंत मालाला. तो पळसाच्या किंवा केळीच्या पानात बांधून जवळपासच खपे. पॉलिथिनने हे अंतर वाढवले. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-वाशी पट्ट्यातला खवा परजिल्ह्यांत जाऊ लागला तो पिशवीच्या भरवशावर.

कायद्याने मात्र प्लास्टिककडे पाहिले ते जाडीच्या मापाने. देशात पिशवीची किमान जाडी १९९९ मध्ये २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठरली, २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ अखेरीस ७५ आणि डिसेंबर २०२२ अखेरीस १२०. पिशवीतला माल किती दिवस टिकतो, हा प्रश्न या आकड्यांत कुठेच नव्हता.

राज्याच्या २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेने तो आणखी मागे पडला. तीन महिन्यांच्या मुदतीनंतर २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पिशव्या, थर्माकोलची ताटे, हॉटेलांतले पार्सलचे डबे बंद झाले. दुधाच्या ५० मायक्रॉनवरील पिशवीला परत खरेदीच्या अटीवर सूट मिळाली, औषधांच्या वेष्टनालाही मिळाली. कंपोस्ट होणाऱ्या, म्हणजे कुजून खत होणाऱ्या प्लास्टिकला सूट होती, पण रोपवाटिका, फळबाग, शेती आणि घनकचरा हाताळणीपुरतीच. म्हणजे जालन्यात मोसंबीचे रोप ज्या पिशवीत वाढवता येत होते, तसल्याच पिशवीत दुकानदाराला मोसंबी बांधून देता येत नव्हती. या निर्णयाची बाजूही समजण्यासारखी होती. कंपोस्टेबल पिशवी दिसायला साध्या पिशवीसारखीच, मग तपासणीला आलेल्या माणसाने ओळखायची कशी? आणि ती कुजवण्याची सोय तरी कुठे होती? तरीही अन्नाच्या वेष्टनाला ही सूट न देणे चुकीचेच होते. कुजणाऱ्या वेष्टनाची खरी गरज तिथेच आहे, कारण तुपकट, दुधाळ पिशवी भंगारवालासुद्धा घेत नाही.

तोवर प्रयोगशाळांतले काम बरेच पुढे गेले होते. अन्न टिकवणाऱ्या आणि मातीत जिरणाऱ्या फिल्मचा, म्हणजे पातळ पापुद्र्यासारख्या वेष्टनाचा, कच्चा माल आपल्या शिवारातला आहे : ज्वारीचा स्टार्च, सोयाबीनचे प्रथिन, मोसंबीच्या सालीतले पेक्टिन (जॅम घट्ट करणारा पदार्थ). पावसात काळी पडलेली खरिपाची ज्वारी भाकरीला चालत नाही, पण तिच्यातूनही स्टार्च निघतो. तो पाण्यात शिजवून खळ करतात, लवचीकपणासाठी त्यात ग्लिसरीन घालतात, सपाट ताटलीत पातळ ओततात आणि मंद उष्णतेवर वाळवतात. सुटून येते ती पारदर्शक, किंचित पिवळसर फिल्म. तिचे दुखणे पाणी. श्रावणात ती ओल धरून चिकटते, तर वैशाखाच्या कोरड्या हवेत कडक होऊन तडकते.

सूक्ष्मजीव रोखण्यासाठी तिच्यात काय मिसळायचे, हे मालावर ठरते. १९२८ पासून माहीत असलेले नायसिन हे जिवाणूंपासूनच मिळणारे प्रथिन जिवाणूंवर चालते, बुरशीवर नाही. खव्याला तर वरून बुरशीच धरते. तिथे लवंग-दालचिनीचे तेल किंवा कायटोसान उपयोगी. कायटोसानवरचा धन विद्युतभार सूक्ष्मजीवांच्या ऋणभारित आवरणाला धरतो आणि ते फाडतो. पण ते बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढतात. पेढ्याच्या वेष्टनात ते वापरायचे तर शाकाहाराचा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. बुरशीपासून काढलेले कायटोसान हा त्यावरचा पर्याय.

मूळ पेच याहून खोल आहे : जंतूंना मारणारी फिल्म शेवटी जंतूंनीच खायची आहे. तेले उडून जातात, कायटोसान हळूहळू तुटते, म्हणून त्यांच्याबाबत प्रश्न मात्रेचा आहे. जंतू मारण्यासाठी चांदीचे सूक्ष्मकण मिसळले, तर ते मात्र फिल्म कुजली तरी मातीत राहतात.

२०२२ च्या अखेरीस राज्याने प्रमाणित कंपोस्टेबल पदार्थांच्या ताटल्या-पेल्यांना वाट दिली. पण कंपोस्टेबलच्या कसोटीत ५८ अंशांवर, १८० दिवसांच्या आत ९० टक्के विघटन लागते. पीएलएसारख्या (मका-उसाच्या साखरेपासून बनणाऱ्या) प्लास्टिकला ती उष्णता खरोखरच हवी असते आणि ओला-सुका कचरा एकत्र पडणाऱ्या डेपोत ती मिळत नाही. स्टार्चची फिल्म शेतातल्या उकिरड्यातही जिरते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने जैवविघटनशील प्लास्टिकची व्याख्या बदलली : माती किंवा कचराभूमीसारख्या ठिकाणी विघटन व्हावे आणि मागे सूक्ष्मप्लास्टिक उरू नये. ज्वारीच्या फिल्मला या व्याख्येची धास्ती नाही. मात्र तपासणी नुसत्या स्टार्चची करून भागणार नाही. तेल आणि कायटोसान मिसळलेली तयार फिल्मच तपासायला हवी.