शाळेचं अनुदान मुख्याध्यापक एकटे ठरवतात? नाही हो

गावात वर्षानुवर्षं एकच ऐकू येतं, दिल्लीहून पैसा येतो आणि हेडमास्तर मनाला येईल तिथे लावतात. असं नाहीये. समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय शिक्षण योजनेतून झेडपी शाळेला जे संयुक्त शाळा अनुदान मिळतं त्यात केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के असतात, रक्कम पटावर ठरते आणि किमान 10 टक्के स्वच्छतेवर घालावेच लागतात.

बाकीचं कुठे लावायचं हे बघायचं काम शाळा व्यवस्थापन समितीचं. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 21 वाचा, समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि अनुदान कसं वापरलं जातंय त्यावर लक्ष ठेवणं हे त्यांचं कायद्यातलंच काम आहे, शाळा विकास आराखडाही तेच करतात. अध्यक्ष पालकांमधलाच, मुख्याध्यापक फक्त सचिव.

आता खरी गोची अशी की बऱ्याच ठिकाणी मीटिंग होतच नाही, रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या होतात आणि मग तेच सही करणारे पारावर बसून हेडमास्तरला नावं ठेवतात!

पुढच्या मीटिंगला जा, खर्चाचं रजिस्टर अन् बिलं मागा.