पाइन कोन मिटला म्हणजे पाऊस येणारच?

पाइन कोन (चीडच्या झाडाचं, बिया धरणारं खवल्यांचं बोंड) मिटला की पाऊस, उघडला की ऊन, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. खरं तर कोनाला उद्याचं काहीच कळत नाही. तो दाखवतो आजूबाजूच्या हवेतली आत्ताची आर्द्रता, आणि तीही उशिरा.

पिकलेल्या कोनाचे खवले मृत असतात. प्रत्येक खवल्यात दोन थर: बाहेरचा दमट हवेत फुगून लांबतो, आतला जवळजवळ तसाच राहतो. त्यामुळे खवला आत वळतो. सुकला की उलट. झाडाचा फायदा असा की बिया कोरड्या हवेत सुटतात आणि वाऱ्यावर लांब जातात.

पडताळायचं असेल तर उघडा, कोरडा कोन पाण्यात बुडवा. साधारण १-२ तासांत मिटतो. सुकून पुन्हा उघडायला बराच जास्त वेळ लागतो. म्हणूनच पहाटेच्या धुक्यात मिटलेला कोन स्वच्छ उन्हं आल्यावरही मिटलेलाच दिसतो, आणि लोक छत्र्या काढतात.

आर्द्रता बघायला कोन जरूर टांगा, पण बाहेर, पाऊस थेट लागणार नाही अशा आडोशाला. हिरवा, कोवळा कोन चालत नाही. घरात टांगलेला घरातलीच हवा सांगतो. पावसाची चाहूल हवी असेल तर वायुभारमापकावर हवेचा दाब भराभर उतरतोय का, ते पाहा.