केबल टाय : प्लॅस्टिकचे व धातूचे

विद्युत् तारा, केबली व नळ्या यांची जुडगी एकत्र बांधण्यासाठी किंवा एखाद्या आधाराला जखडण्यासाठी वापरली जाणारी, एकदा ओढली की मागे न सरकणारी पट्टी म्हणजे केबल टाय. नायलॉनच्या टायमध्ये पट्टीवरील दाते व डोक्यातील खिट्टी यांची पकड असते. धातूच्या बहुतेक टायमध्ये पट्टी गुळगुळीत असून डोक्यातील उतरत्या खाचेतली छोटी पोलादी गोळी पट्टी उलट दिशेने सरकू लागताच तिच्यावर रुतते.

केबल टायचा उगम विमानोद्योगात झाला. तत्पूर्वी विमानातील तारांची जुडगी मेण लावलेल्या दोऱ्याने, ठरावीक अंतरावर गाठी मारून बांधली जात. थॉमस अँड बेट्स या अमेरिकन कंपनीतील मॉरस लोगन यांनी १९५६ च्या सुमारास बोइंगच्या कारखान्यात हे काम पाहिले व त्यावरून त्यांना नव्या बंधाची कल्पना सुचली, असे सामान्यतः सांगितले जाते. एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज मात्र जून १९५८ मध्ये करण्यात आला आणि या बंधाच्या ‘टाय-रॅप’ या व्यापारी नावाच्या संदर्भात १९५८ हेच वर्ष बहुतेक ठिकाणी दिले जाते. एकस्वाची तारीख कागदोपत्री नोंदलेली असल्याने कालनिर्देशासाठी तीच अधिक भरवशाची मानावी. आरंभीच्या रचनेत पकडीसाठी धातूचा लहान दात होता. संपूर्ण प्लॅस्टिकचा, एकाच साच्यातून निघणारा टाय त्यानंतर रूढ झाला. प्लॅस्टिक की धातू हा आज ठसठशीत वाटणारा भेद त्यामुळे मुळापासूनचा नाही. धातूचा दात असलेले नायलॉनचे टाय अजूनही मिळतात आणि आयईसी ६२२७५ हे आंतरराष्ट्रीय मानकही धातूचे, अधातूचे व संमिश्र असे तीन वर्ग मानते.

प्लॅस्टिकचे टाय प्रामुख्याने नायलॉन ६६ चे असतात. हे बहुवारिक (पॉलिमर) वॉलेस कॅरदर्स यांच्या ड्यू पाँट कंपनीतील प्रयोगशाळेत १९३५ मध्ये प्रथम तयार झाले. निवडीच्या दृष्टीने त्याचा सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत दुर्लक्षित गुणधर्म म्हणजे आर्द्रताशोषण. ५०% सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत ते वजनाच्या सुमारे अडीच टक्के पाणी धरून ठेवते, तर पाण्यात बुडवून संपृक्त केल्यास हे प्रमाण आठ टक्क्यांच्या वर जाते. हे पाणी रेणुसाखळ्यांमध्ये शिरून पदार्थाला लवचिकपणा देते; ते निघून गेले की तोच टाय कडक व ठिसूळ होतो. म्हणूनच उत्पादक टाय ओलावा राखणाऱ्या बंद पिशवीत भरतात, आणि पिशवी उघडी राहून वाळलेला टाय ओढताना डोक्यालगत, पट्टी जिथे वळते नेमक्या त्याच जागी, मोडतो. असे टाय काही काळ पाण्यात ठेवल्यास बव्हंशी पूर्ववत होतात. कोरड्या थंडीत किंवा सतत तापणाऱ्या नियंत्रण-पेटीत नायलॉनचे टाय तुटू लागले, तर दोष मालाच्या दर्जाला देण्यापूर्वी हे कारण तपासावे.

नायलॉन ६६ सुमारे २६०° से. तापमानाला वितळते, पण हा आकडा निवडीच्या फारसा कामाचा नाही. उष्ण हवेतील ऑक्सिडीभवनामुळे ते त्याच्या कितीतरी आधी निकामी होते आणि साध्या टायची सततच्या वापराची मर्यादा सामान्यतः ८५° से. दिली जाते, उष्णता-स्थिरीकृत प्रकारांत ती १०५° ते १२५° से.पर्यंत जाते. उन्हातील जंबुपार किरणांमुळे पांढरा टाय लवकर ठिसूळ होतो. काळ्या टायमध्ये कार्बन ब्लॅक (काजळीसारखी बारीक कार्बनाची पूड) पुरेशा प्रमाणात व एकसारखे मिसळलेले असेल तरच तो उन्हात टिकतो. नुसता काळा रंग ही त्याची हमी नव्हे. खनिज अम्लांपुढे नायलॉन टिकत नाही. झिंक क्लोराइडाच्या विद्रावाने ताणाखालील नायलॉन ६६ ला तडे जातात, त्यामुळे जस्तलेपित आधार व मीठ एकत्र येतात अशा जागी सावध राहावे लागते. अम्लाच्या सान्निध्यात पॉलिप्रोपिलिनाचे टाय वापरतात, मात्र त्यांची ताकद कमी असते. प्रारण व तीव्र रसायने असलेल्या ठिकाणी ईटीएफई या फ्ल्युओरिनयुक्त प्लॅस्टिकाचे टाय योजतात. अन्नप्रक्रिया उद्योगात धातुकण मिसळलेले, बहुधा निळे, नायलॉनचे टाय असतात. तुकडा मालात पडला तर तो धातुशोधकाला सापडावा, हा त्यामागील हेतू.

धातूचे टाय बहुधा ३०४ किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असतात. लेप नसलेल्या टायची तापमान-मर्यादा उत्पादक सुमारे ५००° से.च्या वर सांगतात. ३१६ प्रतीत २ ते ३% मॉलिब्डेनम असल्याने क्लोराइडांमुळे पडणाऱ्या खळग्यांना ती अधिक चांगला विरोध करते; समुद्रकिनारी व जहाजांवर तीच घ्यावी. तथापि स्टेनलेस स्टील गंजतच नाही हा समज बरोबर नाही, कारण ताण, क्लोराइड व उष्णता एकत्र आल्यास दोन्ही प्रतींना तडे जाऊ शकतात. ॲल्युमिनियमच्या आधाराशी ओलसर हवेत थेट स्पर्श झाल्यास विद्युत्-रासायनिक क्षरण होते व त्यात नुकसान आधाराचे होते. यावर उपाय म्हणून प्लॅस्टिकचा लेप दिलेले टाय वापरतात. त्यांनी केबलीचे आवरणही कापले जात नाही, परंतु लेपाची तापमान-मर्यादा धातूच्या मर्यादेपेक्षा पुष्कळच खाली असते. धातूच्या टायचे कापलेले टोक धारदार राहते, म्हणून ते डोक्यात दुमडणे किंवा हत्याराने सपाट कापणे आवश्यक ठरते.

आगीचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे, कारण तेथे नित्याचे वातावरण सौम्य असूनही धातू निवडावा लागतो. ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टन येथील शर्ली टॉवर्स या उंच इमारतीला २०१० मध्ये लागलेल्या आगीत प्लॅस्टिकचे आधार वितळून केबली खाली लोंबल्या, त्यांत अग्निशामक अडकले व दोघांचा मृत्यू झाला. पुढे बीएस ७६७१ या विद्युत् मांडणीविषयक ब्रिटिश मानकाच्या २०१५ मधील दुरुस्तीने सुटकेच्या मार्गांवर, आणि २०१८ मधील अठराव्या आवृत्तीने सर्वत्र, आगीत केबली अकाली कोसळणार नाहीत असा आधार देणे बंधनकारक केले. यामुळे प्लॅस्टिकच्या टायवर बंदी आली असे कित्येकदा लिहिले जाते, पण ते अचूक नाही. केबल आडव्या धातूच्या तबकावर (केबल ट्रेवर) टेकलेली असेल, तर तिला जागेवर ठेवण्यास नायलॉनचा टाय चालतो. टाय हाच एकमेव आधार असेल तेथे तो चालत नाही.

ताकदीचा विचार तुलनेने सोपा आहे. ४.८ मिमी. रुंदीच्या सामान्य नायलॉन टायची वेढा-ताणशक्ती (बांधलेला वेढा तुटेपर्यंत सहन होणारा ताण) सुमारे २२० न्यूटन असते. उपरोक्त आयईसी मानकात चाचण्यांनंतर जाहीर ताकदीपैकी निदान निम्मी टिकणारा तो पहिला प्रकार व पूर्ण टिकणारा तो दुसरा, असा भेद केलेला असल्याने वेष्टनावरील आकड्यासोबत प्रकारही पाहावा. मंडलसंक्षेपाच्या (शॉर्ट सर्किटच्या) वेळी मोठ्या केबलींमध्ये उद्भवणारी प्रतिसारक बले सामान्य टायने, मग तो धातूचा का असेना, पेलतील असे गृहीत धरू नये. त्यासाठी आयईसी ६१९१४ या मानकाखालील केबल-क्लीट, म्हणजे केबली जखडून धरणाऱ्या मजबूत पकडी, असतात. माहितीवाहक केबलींना धातूचा टाय सहसा वापरत नाहीत, आणि नायलॉनचाही आवळून बांधत नाहीत, कारण दाबामुळे आतील तारांच्या जोड्यांची पिळाची रचना बिघडते.