वॉटर बाथ लावताय? आधी पाण्याकडं बघा
कॉलेजच्या लॅबमधलं सगळ्यात साधं दिसणारं यंत्र म्हणजे वॉटर बाथ, म्हणजे टेस्ट ट्यूब गरम पाण्यात ठेवून तापवायचा स्टीलचा चौकोनी डबा, तळाशी हीटरची कॉइल, बाजूला थर्मोस्टॅटचं (लावलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारं) बटन, बस्स. साधं दिसतं म्हणून कुणी मनावर घेत नाही, पण पाणी अन् करंट एकाच डब्यात असतात हो.

आधी पाणी कोणतं घालताय ते बघा. आपल्या मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी, तेही जड. तापवलं की त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटून कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं आणि कॉइलवर पांढरा थर धरतो, तोच जो घरच्या गिझरमध्ये दिसतो. या थरातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही, कॉइल आतल्या आत जास्त तापत राहते, आणि असंच चालू राहिलं तर तिचं वरचं आवरण तडकून करंट पाण्यात उतरू शकतो. म्हणून डिस्टिल्ड वॉटरच घाला. थर आधीच बसला असेल तर प्लग काढून, बाथ गार झाल्यावर सायट्रिक ॲसिडचं पाणी भरून ठेवा, सुटतो. ब्लीच मात्र नको, क्लोराइडनं स्टीलला बारीक बारीक खड्डे पडतात.

पाणी किती? कॉइल पूर्ण बुडली पाहिजे, आणि टेस्ट ट्यूबमधल्या द्रावणापेक्षा बाहेरचं पाणी थोडं वर पाहिजे. काठोकाठ भरू नका, स्टँड ठेवला की सांडतं.

आता एक गोष्ट जी फार कमी जण सांगतात. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच, तिथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. तुम्ही थर्मोस्टॅट १०० वर लावला तर पाणी १०० ला पोचणारच नाही, म्हणजे थर्मोस्टॅट कट होणार नाही, कॉइल अखंड चालू! १ किलोवॅटची कॉइल असेल तर उकळायला लागल्यावर तासाला दीड लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन उडतं, अन् झाकण नसलेला छोटा बाथ दुपारच्या सुट्टीत कोरडा पडतो. उकळतं पाणी हवं असेल तर शेजारी माणूस पाहिजेच.

लाईटीचंही तसंच. लाईट गेली की आपण बाथ तसाच सोडून घरी जातो, रात्री लाईट येते अन् बाथ आपोआप चालू. त्यामुळं लाईट गेल्या गेल्या बटन बंद करून प्लगच काढायची सवय लावा.

अर्थिंगचं तर उन्हाळ्यात आवर्जून बघा. मे महिन्यात जमीन कोरडी ठक्क होते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल गेली की मातीचा विद्युत रोध वाढतो आणि तीन पिनचा प्लग असूनही धोका राहतो. खड्ड्यात पाणी घालत राहा, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच लाईट तोडणारं स्विच) बसवून घ्या, हा खर्च प्राचार्यांच्या मागं लागून मंजूर करून घेण्यासारखा आहे.

स्पिरिट, ॲसिटोन, ईथर यांच्या उघड्या बाटल्या बाथजवळ ठेवू नका. ज्योत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, थर्मोस्टॅट चालू-बंद होताना आत ठिणगी पडू शकते आणि ईथरची वाफ हवेपेक्षा जड, ती टेबलावरून सरपटत तिथपर्यंत जाते.